पोर्टफोलिओचे फोटो: आधी घरातली खिडकी, मग स्टुडिओ

माझा पहिला मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ, म्हणजे काम मागताना दाखवायच्या फोटोंचा संच, अजून आईच्या कपाटात आहे. लग्नाच्या अल्बमसारखा जाडजूड, मखमली खोक्यातला. ‘पाच ड्रेस, मेकअप, अल्बमसकट पॅकेज’ असं सांगून एका स्टुडिओनं तो करून दिला होता आणि शिकवण्या घेऊन साठवलेले माझे सगळे पैसे त्यात गेले होते. तो छातीशी धरून मी पुण्याहून डेक्कन क्वीननं निघाले, दादरला उतरून लोकलनं अंधेरीतली एक मॉडेलिंग एजन्सी गाठली. तिथल्या बाईंनी पानं भराभर उलटली, अल्बम मिटला आणि विचारलं, “साधा फोटो आहे का? मोबाइलवरचा?”

नव्हता. मग त्यांनी मला पॅसेजमध्ये पाण्याच्या कूलरशेजारच्या भिंतीपाशी उभं केलं, लिपस्टिक पुसायला लावली, केस मागे बांधायला लावले आणि स्वतःच्या फोनवर चार फोटो काढले. पहिलं काम मला त्या चार फोटोंवर मिळालं. अल्बममध्ये माझ्या हनुवटीवरचा तीळसुद्धा पुसून टाकलेला होता. अल्बममधली मुलगी आणि समोर उभी असलेली मुलगी एकच का, असा प्रश्न त्यांना पडला असणार.

आता मी शूटवर स्टायलिंग करते, कधीमधी कास्टिंगला, म्हणजे जाहिरातीसाठी चेहरे निवडायला हात लावते, त्यामुळे नव्या मुलामुलींचे फोटो सतत नजरेखालून जातात. तेच मखमली अल्बम आता पीडीएफमधून येतात, एवढाच फरक. म्हणून हे क्रमानं लिहिते आहे. उदाहरणं मुलींची जास्त आहेत, पण मुलांनाही जवळजवळ सगळं लागू पडतं.

१. काम कुठलं हवंय ते ठरवा

पुण्यात मिळणारं काम बहुतेक कमर्शियल असतं. सराफांच्या जाहिराती, साड्यांचे कॅटलॉग, क्लासेसची आणि हॉस्पिटलांची होर्डिंग्ज, आणि बिल्डरांची ब्रोशर्स. वाकड, हिंजवडी, खराडीकडच्या फलकांवर बाल्कनीत चहाचा कप धरून उभं असलेलं ते सुखी जोडपं आठवा. या कामाला उंचीची अट फारशी नसते. चेहरा ओळखीचा वाटावा, दात दाखवून मोकळं हसता यावं, साडी अंगावर नीट बसावी, एवढं पुरतं. रॅम्पचं, म्हणजे फॅशन शोचं गणित वेगळं. तिथे मुलींना साधारण पाच फूट आठ इंच आणि मुलांना सहा फुटांच्या आसपास उंची मागतात, आणि त्यासाठी मुंबईच्या फेऱ्या अटळ आहेत.

हे आधी ठरवायचं कारण साधं आहे. पाच फूट दोन इंचांची गोड चेहऱ्याची मुलगी लेदर जॅकेट घालून, ओठ मुडपून, रागानं बघतानाचे वीस फोटो पाठवते. दागिन्यांच्या जाहिरातीला तिला बोलावणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. हसरा फोटो एकही नसतो.

२. डिजिटल्स: बिनखर्चाचे, पण सगळ्यात आधी मागितले जाणारे

डिजिटल्स म्हणजे मेकअपशिवाय, एडिट न करता काढलेले साधे फोटो. जुनी माणसं यांना अजून पोलरॉइड म्हणतात. कूलरशेजारी माझे काढले होते, ते हेच. एजन्सी आधी हे बघते, पोर्टफोलिओ नंतर. तेव्हा हे जमेपर्यंत कुठल्याही फोटोग्राफरला एक रुपया देऊ नका.

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीचे काढले, तेव्हाची गोष्ट सांगते, म्हणजे सगळं कळेल. कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट, पूर्वेची खिडकी, सकाळचे नऊ. ऊन थेट आत येत होतं आणि तिच्या नाकाची काळी सावली गालावर पडत होती. खिडकीला आजोबांचं पांढरं धोतर दुहेरी करून लावलं, तसं ऊन मऊ झालं. ट्यूबलाइट बंद केली, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की कातडीचा रंग आजारी दिसतो. भिंत पोपटी होती. पोपटी भिंतीजवळ उभं राहिलं की चेहऱ्यावरही पोपटी झाक येते, म्हणून पांढरी चादर लावली, तीही इस्त्री करून. घड्यांची चादर फोटोत फार वाईट दिसते. भाचीला चादरीपासून तीन फूट पुढे आणली, म्हणजे मागे सावली पडत नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूला अप्पा बळवंत चौकातून आणलेला मोठा पांढरा कार्डशीट खुर्चीला टेकवून ठेवला, म्हणजे अंधारातला गाल थोडा उजळतो. सेटवर याच कामाला थर्माकोलचा तुकडा धरतात.

“मावशी, हसू का?”

“आधी नको. आधी नुसती बघ.”

“नुसतं बघितलं की मी रडल्यासारखी दिसते गं.”

“दिसू दे. ओठ बंद ठेव, दातांवर दात दाबू नकोस. जीभ टाळूला लाव.”

जबडा सैल पडण्यासाठी ही जिभेची युक्ती चांगली लागू पडते. दहाव्या फोटोला तिचा चेहरा निवळला.

आता फोनचं. सेल्फी नको, मागचा कॅमेरा वापरा, तोही लेन्स पुसून. ब्यूटी मोड आणि फिल्टर बंद. जवळ जाऊन चेहऱ्याचा फोटो काढला की नाक मोठं आणि कान छोटे दिसतात. फोनमध्ये दोन एक्सची (2x), म्हणजे दुप्पट जवळचं दाखवणारी लेन्स असेल तर ती लावा आणि सहा-सात फूट मागे उभं राहून काढा. उभा, पूर्ण फोटो काढताना फोटो काढणाऱ्यानं गुडघ्यावर बसावं आणि फोन समोरच्या माणसाच्या कमरेच्या उंचीला धरावा. उभ्यानं डोळ्यांच्या उंचीवरून काढला की पाय आखूड दिसतात. घरच्यांनी काढलेल्या फोटोंत ही चूक हमखास असते.

कपडे: अंगाबरोबरचा काळा किंवा पांढरा टॉप, साधी निळी किंवा काळी जीन्स, अनवाणी किंवा साध्या सँडल. छापील टी-शर्ट, ओढणी, मोठं घड्याळ नको. मनगटावरचे दोरे काढणं ज्यांना पटत नाही त्यांनी निदान ते बाहीखाली सारावेत.

फोटो हवेत ते असे: चेहरा समोरून, एकदा शांत आणि एकदा दात दाखवून हसत, डावी बाजू, उजवी बाजू, पाऊण वळलेला चेहरा, कमरेपर्यंत, उभा पूर्ण समोरून, बाजूनं आणि पाठमोरा. चेहऱ्याचे फोटो केस मोकळे सोडून आणि बांधून, दोन्ही. दागिन्यांच्या कामासाठी हातांचा एक जवळचा फोटो घ्या, नखं स्वच्छ कापून. आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ: नाव, वय, उंची, गाव सांगायचं, मग डावीकडे आणि उजवीकडे वळायचं. मराठी कामासाठी मराठीत, मुंबईसाठी हिंदीत. ‘हाय गाइज’ करून सुरुवात करू नका, कृपया.

मापं त्याच दिवशी शिंप्याच्या टेपनं घ्या: उंची, छाती, कंबर, नितंब, बुटाचा नंबर. उंची अनवाणी मोजायची आणि खरी सांगायची. दोन इंच वाढवून सांगितलेली उंची शूटवर पहिल्या मिनिटाला उघडी पडते, कारण शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलाची उंचीही कुणीतरी तशीच वाढवून सांगितलेली असते.

३. फोटोग्राफर निवडणं

पुण्यात लग्नाचे फोटोग्राफर पायलीचे पन्नास आहेत आणि त्यातले काही फार उत्तम आहेत. पण लग्नातला फोटो प्रसंगाचा असतो, आपल्याला हवा तो माणसाचा. म्हणून फोटोग्राफरचं काम बघताना प्रत्येक फोटोतली मुलगी वेगळी दिसते का ते बघा. सगळ्या एकसारख्या गोऱ्या, एकसारख्या गुळगुळीत दिसत असतील तर तुम्हीही तशाच दिसणार. चेहऱ्याची कातडी आणि हाताची कातडी ताडून बघा. चेहरा मेणाचा आणि हात माणसाचा असेल, तर नमस्कार करून बाहेर पडा. इन्स्टाग्रामवर निवडक दहा फोटो कुणाचेही चांगले असतात, त्यामुळे एका शूटचे सगळे फोटो दाखवाल का, असं विचारा. चांगला माणूस दाखवतो.

पैसे नसतील तर कोलॅबचा रस्ता आहे. फोटोग्राफर, मेकअप आर्टिस्ट आणि मॉडेल तिघंही नवीन, तिघांनाही फोटो हवेत, कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. फोटोग्राफी शिकणारी मुलं अशा चेहऱ्यांच्या शोधातच असतात. बालगंधर्व कलादालनात फोटोंची प्रदर्शनं लागतात, तिथे एक चक्कर टाकली तर काम बघून माणसाशी थेट बोलता येतं. माझे आजवरचे सगळ्यात उपयोगी पडलेले तीन फोटो एका कोलॅबमधले आहेत. पण कोलॅब म्हणजे ढिलेपणा नव्हे. उलट तिथे लिखापढी जास्त लागते.

कारण हे बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, उलट करार केलेला नसेल तर. म्हणजे पॅकेजचे पैसे तुम्ही भरलेत तर फोटो तुमचे. कोलॅबमध्ये मात्र पैसे दिलेले नसतात, त्यामुळे मालकी फोटोग्राफरची. म्हणून स्टुडिओवाला ‘सही करा, नेहमीचाच फॉर्म आहे’ म्हणाला की तो फॉर्म वाचा. ‘उलट करार’ बहुतेक वेळा त्यातच असतो.

कोर्टाचा कागद नको, एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज चालेल. मी मुलींना हा नमुना देते (त्यातलं रिटच म्हणजे फोटोतले बारीक डाग नंतर साफ करणं): “दादा, आपलं ठरलं ते लिहून ठेवते. शनिवारी सकाळी ७ ते ११, तीन कपडे. एकूण एवढे रुपये, अर्धे आधी, अर्धे फोटो मिळाल्यावर. सगळे फोटो बघायला मिळतील, त्यातले माझ्या पसंतीचे १२ रिटच करून पूर्ण साइझमध्ये, १५ दिवसांत. फोटो मी कामासाठी कुठेही पाठवू शकते. तुम्ही तुमच्या पेजवर टाकू शकता, पण जाहिरातीसाठी कुणाला द्यायचे किंवा विकायचे असतील तर आधी मला विचारायचं. बरोबर आहे ना?” समोरून ‘हो’ आलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. उत्तर टाळलं, तर तेही उत्तरच आहे.

अठरा वर्षं पूर्ण नसतील तर करारावर सही आईबाबांची लागते. शूटलाही त्यांच्यापैकी कुणीतरी सोबत हवंच. अठरा पूर्ण असली तरी पहिल्या एक-दोन शूटला मैत्रीण, भाऊ, कुणीही घेऊन जा. ‘सोबत कुणी आणायचं नाही’ असं सांगणाऱ्याकडे जायचं नाही. यात अपवाद नाही.

४. आदल्या आठवड्यात

पुण्याच्या मुलींचा एक खास त्रास आहे: गाडी. स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून गाडी चालवली तरी बोटांवर आणि पावलांवर रंगाचे पट्टे दिसतातच. त्यावर घाईचा उपाय नाही, महिनाभर आधीपासून पूर्ण हातमोजे आणि बंद बूट, एवढंच. शूटच्या दिवशी मात्र रिक्षानं जा. स्कार्फची घडी कपाळावर उमटते आणि हेल्मेटनं केस टाळूला चिकटतात. हे जायला तासभर लागतो आणि तो तास तुमच्या पैशांचा असतो.

चुलतबहिणीचं लग्न जवळ आलं असेल तर शूट आधी उरका. कोपरापर्यंतची मेंदी पूर्ण उतरायला दोन-तीन आठवडे जातात आणि अर्धवट उतरलेली मेंदी फोटोत डागांसारखी दिसते. भुवया तीन-चार दिवस आधी कोरून घ्या, नवीन क्रीम किंवा फेशियल आदल्या दिवशी अजिबात नको.

कपडे तीन पुरतात. एक अंगाबरोबरचा साधा, एक फॉर्मल शर्ट किंवा कुर्ता, एक साडी. साडी तुम्हाला स्वतःला नेसता यायला हवी. कॅटलॉगच्या शूटला दिवसभरात वीस-पंचवीस साड्या बदलाव्या लागतात आणि झटपट नेसणारी मुलगी पुन्हा बोलावली जाते. नवे कपडे विकत घेऊ नका. सैल असेल तर मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे, समोरून कळत नाही. पिना, केसांचे चाप, स्किन कलरची आतली वस्त्रं, हे सगळं तुळशीबागेत एका फेरीत होतं.

५. जागा आणि वेळ

जागेवर नवीन मंडळी सगळ्यात जास्त डोकं खर्च करतात, आणि तिची किंमत सगळ्यात कमी आहे. शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणं आहेत. तिथे स्टँड, लाइट लावून परवानगीशिवाय शूट करता येत नाही. विद्यापीठाच्या आवारातही सुरक्षारक्षक हटकतात. आणि समजा मिळाली परवानगी, तरी फोटो वाड्याचा होतो, तुमचा नाही.

मला विचाराल तर सोसायटीचं पार्किंग. खरंच. पार्किंगच्या तोंडाशी, सावलीत एक पाऊल आत उभं राहून बाहेर बघायचं. वर स्लॅब असल्यानं डोक्यावरचं ऊन पडत नाही आणि समोरच्या मोकळ्या जागेचा उजेड चेहऱ्यावर सारखा येतो. मागचा अंधार काळ्या पडद्यासारखा दिसतो. बाहेरच जायचं तर वेताळ टेकडीवर दगडाच्या जुन्या खाणीपाशी सकाळी उजाडताना छान उजेड असतो. फिरायला आलेले काका ‘लग्न कधी आहे?’ विचारतील, कारण हल्ली टेकडीवर कॅमेरा दिसला की प्री-वेडिंगच. हसून पुढे जायचं.

सूर्योदयानंतरचा तास-दीड तास आणि मावळण्याआधीचा तास, या दोनच वेळा. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर बाहेर उभं राहण्यात अर्थ नाही, डोळे किलकिले होतात आणि मेकअप वितळतो. जुलै-ऑगस्टमधलं पुण्याचं ढगाळ आभाळ मात्र फोटोला वरदान आहे, दिवसभर मऊ उजेड. लोक पावसाळ्यात शूट पुढे ढकलतात, तुम्ही तेव्हाच ठरवा. स्टुडिओ असेल तर एक पांढरा किंवा राखाडी पडदा पुरे. फायबरचे खांब आणि नकली फुलं नकोत.

६. शूट आणि निवड

पोझ पाठ करून जाऊ नका. हालचाल करा: चाला, वळा, केस मागे घ्या, पदर सावरा, आणि फोटोग्राफरला त्यातून टिपू द्या. खांदे खाली, मान लांब, हनुवटी किंचित पुढे. हातांचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. हाताला काम द्या. कप, खिडकीची चौकट, कानातलं, काहीही.

निवड त्या दिवशी करू नका, दोन दिवसांनी करा, आणि आईला विचारू नका. आईला सगळेच आवडतात. आठ ते बारा फोटो ठेवा, त्याहून एकही जास्त नको. एकसारखे दोन असतील तर एक जायलाच हवा. रिटचमध्ये पुटकुळी जाऊ द्या, ती आठवड्यानं तशीही जाणार असते. तीळ, व्रण, खळी, कातडीचा रंग यांना हात लावू द्यायचा नाही.

कॉम्प कार्ड म्हणजे मॉडेलचं व्हिजिटिंग कार्ड, साडेपाच बाय साडेआठ इंचांचं एक पान. पुढे एक चेहरा आणि नाव, मागे वेगवेगळे तीन-चार फोटो आणि मापं. छापायची घाई नको, पीडीएफ चालते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दर्जा उतरतो. फाइलला नाव आणि उंची लिहा. ‘आयएमजी ४०३२’ नावाची फाइल नंतर कुणालाही सापडत नाही. घरचा पत्ता आणि आधार कार्ड यात घालायचं नाही.

७. पैसे मागणारे

खरी एजन्सी तुम्हाला मिळालेल्या कामातून कमिशन कापते. आधी रजिस्ट्रेशन फी, मग ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा’, मग ‘मोठ्या ब्रँडला तुम्ही आवडलात, फक्त डिपॉझिट भरा’, ही साखळी दिसली की ती एजन्सी नाही, फोटो विकायचं दुकान आहे. ‘आजच भरा, उद्या जागा जाईल’ हेही त्यातलंच. खात्री करायची तर ज्या ब्रँडचं नाव सांगतात त्याच्या अधिकृत ईमेलवर एक ओळ लिहून विचारा.

‘बोल्ड टेस्ट’च्या नावाखाली कमी कपड्यांतले फोटो मागितले तर द्यायचे नाहीत, व्हिडिओ कॉलवर तर मुळीच नाही. मापांसाठी डिजिटल्समधला अंगाबरोबरचा टॉप पुरतो. फोटोंवरून कुणी धमकावलं किंवा पैसे लुबाडले तर मेसेज आणि पावत्या डिलीट न करता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. जिवाला धोका वाटला तर ११२. आणि घरी सांगा. घरचे ओरडतील, पण त्यांच्या ओरडण्याची भीती हेच या लोकांचं भांडवल असतं.

८. पाठवल्यानंतर

एजन्सीच्या वेबसाइटवर जिथे फोटो मागवलेत तिथेच पाठवा. दोन आठवड्यांनी एकदा विचारा, मग सोडून द्या. दर तीन महिन्यांनी डिजिटल्स नव्यानं काढा, आणि केस कापले, रंगवले, वजन वाढलं-उतरलं तर लगेच. भाचीनं फेब्रुवारीत कपाळावर बटा कापून घेतल्या आणि मला सांगितलंच नाही. एका नथीच्या शूटला तिच्या जुन्या फोटोंवरून बोलावणं आलं, तिथे बिंदी लावायला कपाळच मोकळं नव्हतं. मेकअपवालीनं बटा जेल लावून, पिना मारून मागे बसवल्या, त्या दर दहा मिनिटांनी सुटत होत्या. संध्याकाळी घरी आली ती थेट खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, “मावशी, धोतर कुठे ठेवलंयस?”